बर्लिनमध्ये घर शोधताना



आपल्या बेटावर मुलाचे लग्न ठरले की बाप पहिल्यांदा गच्चीकडे पाहतो. खालचे घर बांधताना खांबांच्या लोखंडी सळ्या वर काढून ठेवलेल्या असतात, त्या अशाच दिवसासाठी. मग सिमेंट येते, वाळू येते, आणि ज्या रविवारी ‘दाल’ ओतायची त्या दिवशी भाऊ, मेहुणे, शेजारी सगळे हजर होतात. (खायच्या डाळीविषयी आम्ही बोलत नाही, हे आपल्या वाचकांना सांगायला नको, पण हे पान महाराष्ट्रात कोणी वाचले तर त्यांचा घोटाळा होईल.) दुपारी सर्वांना जेवण, आणि वर्षभरात नवरा-नवरी वरच्या मजल्यावर राहायला जातात. मॉरिशसमध्ये दहा कुटुंबांपैकी जवळजवळ नऊ कुटुंबे स्वतःच्या घरात राहतात. भाड्याने राहणे म्हणजे काही दिवसांची अडचण, आणि खरे सांगायचे तर थोडी लाजही.

त्यामुळे जर्मनीत गेलेला मुलगा फोनवर ‘घर मिळत नाही’ असे सांगतो, तेव्हा आईचा पहिला प्रश्न असतो, “पैसे कमी पडतात का?” पैशांचा प्रश्न आहेच. पण बर्लिन शहरात खिशात पगार असूनही माणूस सहा-सहा महिने उपऱ्यासारखा फिरतो, हे तिला पटत नाही. ते का घडते याचा आम्ही शोध घेतला. जे हाती आले ते आज आपल्यापुढे ठेवतो.

आता हा विषय आपल्या पानावर का, असे कोणी विचारील. जर्मनीत शिकणाऱ्या परदेशी विद्यार्थ्यांत २०२२-२३ पासून भारतीयांची संख्या सर्वांत मोठी आहे. त्यांनी चिनी विद्यार्थ्यांनाही मागे टाकले. पुण्याहून जर्मन शिकून जाणाऱ्यांची परंपरा तर फार जुनी. महाराष्ट्र शासनाने २०२४ साली जर्मनीच्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल कामगार पाठविण्याचा करार केला. आपल्या बेटावरूनही मुले-मुली परिचारिका, इंजिनियर, संगणकतज्ज्ञ म्हणून फ्रान्स-इंग्लंडखेरीज आता जर्मनीची वाट धरू लागली आहेत. त्यांना विमानतळावर उतरल्यावर पहिले काम काय लागते? डोक्यावर छप्पर.

बर्लिनमध्ये शंभरातील ऐंशीहून अधिक घरांत भाडेकरू राहतात. त्यात डॉक्टर आले, प्राध्यापक आले, न्यायाधीशही आले. भाड्याच्या घरात जन्मून, त्यातच संसार करून, त्यातच म्हातारे होणे यात तेथे कोणाला कमीपणा वाटत नाही. कायदा भाडेकरूच्या बाजूने भक्कम उभा आहे. करार बहुधा बेमुदत असतो. मालकाला मनात आले म्हणून भाडेकरूला काढता येत नाही. त्याला कायद्याने मान्य केलेले कारण दाखवावे लागते, जसे की मालकाला स्वतःला किंवा त्याच्या जवळच्या कुटुंबियांना राहायला घर हवे आहे. भाडेकरूला मात्र तीन महिन्यांची सूचना देऊन जाता येते. अशी ही चांगली व्यवस्था. मग बिघडले कुठे?

हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

१८७१ साली जर्मनीचे साम्राज्य झाले आणि बर्लिन त्याची राजधानी. तेव्हा शहरात सव्वाआठ लाख माणसे होती. कारखाने निघाले, रेल्वे आली, आणि पूर्वेकडच्या खेड्यांतून माणसांचे लोंढे सुरू झाले. आपल्या वाडवडिलांनी रत्नागिरीकडून जहाज धरले, आणि त्यांच्याच भाऊबंदांनी मुंबईच्या गिरण्यांची वाट धरली, तोच हा काळ. एका शतकात जगभर खेडी रिकामी होत होती आणि शहरे फुटेपर्यंत भरत होती. मुंबईत गिरणगावच्या चाळी आणि खोल्या-खोल्यांतून पाळीपाळीने झोपणारे गिरणी कामगार. बर्लिनमध्ये ज्यांना जर्मन लोक ‘भाड्याच्या बराकी’ म्हणत त्या इमारती.

जेम्स होब्रेख्ट नावाच्या इंजिनियरने १८६२ साली शहराच्या वाढीचा नकाशा केला. त्यात रुंद रस्ते होते आणि रस्त्यांमधले जमिनीचे तुकडे फार मोठे होते. जमीनमालकांनी त्या तुकड्यांवर रस्त्याकडे तोंड करून एक देखणी इमारत बांधली, तिच्यामागे अंगण, अंगणामागे दुसरी इमारत, तिच्यामागे पुन्हा अंगण. अंगण केवढे असावे? १८५३च्या नियमाप्रमाणे किमान ५.३४ मीटर लांब आणि तेवढेच रुंद. हा आकडा कोठून आला, तर आगीचा बंब आत वळवता यावा म्हणून! बंबाला जागा मिळाली, उजेडाला मिळाली नाही. आकेरस्ट्रासे या रस्त्यावरच्या ‘मायर्स होफ’ नावाच्या इमारतीत एकामागे एक अशी सहा अंगणे होती, आणि गर्दीच्या काळात तेथे सुमारे दोन हजार माणसे राहत. ती १८७४ साली बांधली गेली. तिचा उरलेला भाग १९७२ साली पाडला. ज्यांना खोलीही परवडत नसे ते दुसऱ्याच्या खोलीतली नुसती खाट भाड्याने घेत, तीही काही तासांपुरती.

१८७२च्या उन्हाळ्यात तर गावकुसाबाहेर फळ्या ठोकून बेघरांनी झोपड्यांची एक वसाहतच उभारली होती. त्याच जुलै महिन्यात ब्लूमेनस्ट्रासे भागात एका सुताराचे सामान मालकाने रस्त्यावर काढले, आणि त्यावरून तीन दिवस दंगल झाली. पोलिसांनी पुढे झोपड्याही मोडल्या. घरासाठी बर्लिनकर रस्त्यावर उतरतो ही गोष्ट आजची नव्हे, हे त्यावरून दिसते.

एक चांगला अध्याय

पहिले महायुद्ध संपले. १९२० साली आसपासची गावे आणि नगरे जोडून मोठे बर्लिन तयार झाले, लोकसंख्या एकदम ३८ लाख. १९२३ साली जर्मनीत अशी महागाई झाली की पैशाला कागदाची किंमत राहिली नाही. याचा एक विचित्र परिणाम झाला. ज्या घरमालकांनी कर्ज काढून इमारती बांधल्या होत्या, त्यांचे कर्ज नोटांच्या एका गठ्ठ्यात फिटले. इमारत मात्र जागच्या जागी! सरकारने म्हटले, हा फायदा तुमच्या कष्टाचा नाही, त्यातला वाटा समाजाला द्या. म्हणून १९२४ साली जुन्या घरांवर एक विशेष कर बसला आणि त्या पैशातून नवी घरे बांधण्यास स्वस्त कर्ज मिळू लागले. आम्हांला ही युक्ती फार शहाणपणाची वाटते. युद्धाने आणि महागाईने गरिबाचे बुडाले आणि घरवाल्याचे तरले, हे उघड पाहून त्यावर उपाय करणारे सरकार विरळा.

या पैशातून १९२४ ते १९३१ या काळात बर्लिनमध्ये सुमारे १,४०,००० घरे बांधली गेली. शहराचा बांधकाम प्रमुख मार्टिन वाग्नर आणि वास्तुकार ब्रुनो टाउट ही त्यातली मोठी नावे. ब्रिट्झ येथे टाउटने घोड्याच्या नालाच्या आकाराची वसाहत रचली. मधे तळे आणि हिरवळ, भोवती घरांची कमान. प्रत्येक घराला उजेड, स्वतंत्र स्वयंपाकघर, न्हाणीघर आणि बसायला सज्जा. रंग असे की भिंती निळ्या, तांबड्या, पिवळ्या. टाउटचे म्हणणे होते की रंगाला खर्च फार येत नाही आणि गरिबाच्या घराने मळकट का दिसावे? २००८ साली युनेस्कोने बर्लिनच्या अशा सहा वसाहतींना जागतिक वारशाच्या यादीत घेतले. राजवाडे आणि देवळे त्या यादीत असतात हे आपल्याला ठाऊक आहे. कामगारांची भाड्याची घरेही तेथे बसली आहेत, आणि आजही त्यांत माणसे राहतात, खिडक्यांत फुलांच्या कुंड्या ठेवतात.

इरावती कर्वे पीएच.डी.साठी १९२८ साली बर्लिनला गेल्या आणि १९३० साली परतल्या. ही बांधकामे तेव्हा ऐन भरात होती. मुंबईत त्याच दशकात सरकारने वरळी, नायगाव, डिलाइल रोड आणि शिवडी येथे बीडीडी चाळी उभारल्या होत्या. एका कुटुंबाला एक खोली, संडास सगळ्यांना मिळून. दोन्ही शहरांना कामगार हवे होते, आणि दोघांनी त्यांना काय दिले ते शेजारी शेजारी ठेवून पाहावे.

तरी अगदी गरिबाला ती नवी घरेही परवडत नसत, हे सांगितले पाहिजे. आणि लवकरच मंदी आली, पैसा आटला. १९३३ साली हिटलर आल्यावर टाउट देश सोडून गेला. १९३८ साली तो इस्तंबूलमध्ये वारला. वाग्नरही परदेशी गेला.

युद्धात शहरातल्या पंधरा लाख घरांपैकी सुमारे सहा लाख घरे गेली. १९६०च्या फेब्रुवारीत कॅरोल वादळाने एका रात्रीत आपल्या बेटाचे काय केले ते ज्यांनी पाहिले आहे, त्या आजी-आजोबांना याची कल्पना करता येईल. आपल्याकडे वादळानंतर सेंट्रल हाउसिंग ऑथॉरिटी निघाली आणि लाकूड-पत्रा-गवताच्या जागी सिमेंटच्या ‘सिते’ आल्या. बर्लिनमध्ये शहराचेच दोन तुकडे झाले आणि १९६१ साली मधे भिंत आली. पूर्वेकडच्या सरकारने कारखान्यात ओतलेल्या काँक्रीटच्या भिंती जोडून मार्त्सानसारखी अफाट उपनगरे उठवली. पश्चिमेने ग्रोपियसश्टाट आणि मेर्किशेस फिर्टेल बांधले, प्रत्येकी सतरा-अठरा हजार घरांचे. मधली जुनी इमारत कोणालाच नको होती. भिंतीला लागून असलेल्या क्रॉइत्सबेर्ग भागात पडायला आलेल्या घरांत तुर्कस्तानातून आलेले कामगार राहिले, कारण दुसरीकडे त्यांना कोणी घर देत नसे. १९७५ साली तर पश्चिम बर्लिनने क्रॉइत्सबेर्गसह तीन विभागांत परदेशी माणसांनी नव्याने राहायला जाऊ नये अशी बंदीच घातली. कामाला या, पण राहायला कोठे ते आम्ही ठरवू. साखरेच्या मळ्यावरच्या ‘कँप’ची आठवण असलेल्या आपल्या समाजाला यावर अधिक काही सांगायला नको. आज त्याच जुन्या, उंच छतांच्या घरांना सर्वांत जास्त मागणी आहे.

विकले ते स्वस्त, घेतले ते महाग

१९८९च्या नोव्हेंबरात भिंत पडली. सर्वांना वाटले, आता बर्लिन झपाट्याने वाढणार. घरे बांधली गेली, पण माणसे उलट शहराबाहेर स्वतःच्या बागेच्या घरात राहायला गेली, कारखाने बंद पडले, तरुण पश्चिमेला गेले. दोन हजार सालच्या सुमारास शहरात एक लाखाहून अधिक घरे रिकामी होती. मार्त्सानमध्ये अकरा मजली इमारतींचे वरचे मजले क्रेनने उतरवून त्या तीन ते सहा मजल्यांवर आणल्या. आजचा घर शोधणारा तरुण हे ऐकून कपाळाला हात लावील.

त्यातच २००१ साली शहराच्या मालकीची बँक बुडण्याच्या बेतास आली. तिला सावरताना तिजोरी रिकामी झाली आणि शहराने घरे विकायला काढली. भिंत पडल्यापासून पंधरा-सोळा वर्षांत शहराच्या मालकीची सुमारे दोन लाख घरे अशी हातातून गेली. सर्वांत मोठा व्यवहार २००४चा. जीएसडब्ल्यू नावाची सरकारी गृहसंस्था, ६५,००० घरांसह, अमेरिकन गुंतवणूकदारांना ४० कोटी ५० लाख युरोंना विकली. घेणाऱ्यांनी तिचे दीड अब्ज युरोंचे कर्जही अंगावर घेतले. तेही धरले तरी एका घराला तीस हजार युरोच्या आसपास पडले. पुढे ती संस्था शेअर बाजारात गेली, २०१३ साली डॉइचे वोनेन या कंपनीने ती घेतली, आणि २०२१ साली डॉइचे वोनेनला व्होनोव्हियाने घेतले. त्याच वर्षी बर्लिन शहराने या दोन कंपन्यांकडून सुमारे १४,७५० घरे परत विकत घेतली, २ अब्ज ४६ कोटी युरोंना. हिशेब करा, एका घराला एक लाख पासष्ट हजारांच्या वर. ही नेमकी तीच घरे असे नव्हे. पण सतरा वर्षांत शहराने काय गमावले ते समजायला एवढा भागाकार पुरे.

कारण मधल्या काळात माणसे येऊ लागली होती. जगभरचे कलावंत, मग संगणकाच्या कंपन्या, मग त्यांचे नोकर. २०१५ साली सीरियाचे निर्वासित, २०२२ साली युक्रेनचे. त्याच वर्षी शहराच्या वेशीवर ग्र्यूनहाइड येथे टेस्ला मोटारींचा कारखाना सुरू झाला. २००० साली ३४ लाखांच्या आत असलेली लोकसंख्या नोंदवहीप्रमाणे आता ३९ लाखांच्या जवळपास आहे. गंमत अशी की युद्धाआधी याच शहरात ४३ लाख माणसे राहत होती. पण तेव्हा एका खोलीत कुटुंब मावत असे. आज दोन-तीन खोल्यांत एकटा माणूस राहतो, आणि बर्लिनमध्ये निम्मी घरे एकट्याची आहेत. नुसती डोकी मोजून घरांची गरज कळत नाही.

शहराने वर्षाला २०,००० नवी घरे असे लक्ष्य ठेवले. प्रत्यक्षात २०२२ पासून पंधरा ते सतरा हजारांवर गाडी जात नाही. साऱ्या जर्मनीचे लक्ष्य वर्षाला चार लाख होते; २०२२ आणि २०२३ साली तीन लाखांच्या थोडी आत घरे झाली, आणि २०२४ साली अडीच लाख. युक्रेनच्या युद्धानंतर लोखंड, लाकूड, वीज महागली, बँकांचे व्याज चढले. व्होनोव्हियासारख्या सर्वांत मोठ्या कंपनीने २०२३ साली नवी कामे सुरू करणेच थांबवले.

मग भाडे तरी रोखता येईल का? बर्लिनने प्रयत्न केला. २०२० च्या फेब्रुवारीत कायदा झाला की पाच वर्षे भाडे वाढणार नाही; सुमारे पंधरा लाख घरांना तो लागू होता. लोक खूश झाले. पण मालकांनी घरे भाड्याने देण्याऐवजी विकायला काढली किंवा वाट पाहत ठेवली, आणि वर्तमानपत्रांतल्या भाड्याच्या जाहिराती आटल्या. एप्रिल २०२१ मध्ये घटनान्यायालयाचा निकाल आला: भाड्याचा कायदा करणे हे केंद्राचे काम, राज्याचे नव्हे, म्हणून हा कायदा मुळातच रद्द. ज्यांचे भाडे कमी झाले होते त्यांना मधल्या महिन्यांचा फरक भरावा लागला. कित्येक कुटुंबांनी तो पैसा बाजूला ठेवलाच नव्हता.

राग निवळला नाही. त्याच वर्षी २६ सप्टेंबरला बर्लिनमध्ये सार्वमत झाले: तीन हजारांहून अधिक घरे असणाऱ्या कंपन्यांची घरे मोबदला देऊन समाजाच्या मालकीची करावीत का? ५९ टक्के मतदारांनी ‘हो’ म्हटले. सुमारे दोन लाख चाळीस हजार घरांचा प्रश्न होता. जर्मन राज्यघटनेच्या १५ व्या कलमात तशी तरतूद आहे, पण ती कधी वापरलेली नाही. तज्ज्ञांच्या समितीने २०२३ साली अहवाल दिला की हे कायद्याने शक्य आहे. पण घरे अजून कंपन्यांकडेच आहेत. सार्वमताने सरकारला सल्ला दिला होता, हात बांधले नव्हते.

आणि तेच मतदार नवे बांधकाम आपल्या दारासमोर आले की ‘नाही’ म्हणतात, हेही नोंदले पाहिजे. टेम्पेलहोफचा जुना विमानतळ २००८ साली बंद झाला. शहराच्या मध्याजवळ तीनशे हेक्टरहून अधिक मोकळी जमीन! सरकारने कडेकडेने ४,७०० घरे बांधायचे ठरवले. मे २०१४ च्या सार्वमतात ६४ टक्के लोकांनी सांगितले, एक वीटही नको. आज तेथे धावपट्टीवर मुले सायकली फिरवतात, पतंग उडवतात. आमच्या मते त्यात त्यांचा केवळ स्वार्थ नव्हता. घरे होतील ती श्रीमंतांसाठी होतील, असा त्यांना संशय होता. आणि जे सरकार दहा वर्षांपूर्वी गरिबांची घरे विकून मोकळे झाले होते त्याच्यावर विश्वास तरी कसा ठेवावा? तरीही ज्याला आज घर नाही त्याला त्या मतदानात कोणी विचारले नव्हते. तो अजून शहरात आलेलाच नव्हता.

खरी गाठ येथेच आहे. शहराच्या २०२४च्या भाडेसूचीप्रमाणे राहत्या घरांचे सरासरी भाडे दर चौरस मीटरला ७ युरो २१ सेंट. नव्याने जाहिरातीत येणाऱ्या घराचे पंधरा युरोच्या वर. म्हणजे पन्नास मीटरच्या घराला जुना भाडेकरू ३६० युरो देतो, आणि काल आलेला आपला मुलगा साडेसातशे, आपल्या हिशेबात चाळीस हजार रुपयांच्या आसपास, तेही वीज-पाणी-उष्णता वेगळी. अशा वेळी जुना भाडेकरू जागचा हलेल का? मुले लग्न होऊन गेली, नवरा वारला, तरी म्हातारी चार खोल्यांत एकटी राहते. लहान घरात गेली तर तिला जास्त भाडे पडेल. तिचा दोष नाही. ज्या कायद्याने तिला सांभाळले, त्याच कायद्यामुळे तिच्या दारावरची पाटी बदलत नाही, आणि बाहेर जिन्यावर पन्नास माणसे एक रिकामी खोली पाहायला रांगेत उभी राहतात. नव्या करारात भाडे आसपासच्या भाड्यापेक्षा दहा टक्क्यांहून जास्त नसावे असा केंद्राचा कायदा २०१५ पासून आहे, आणि तो २०२९ अखेरपर्यंत वाढवला आहे. पण ऑक्टोबर २०१४ नंतरची नवी घरे त्यातून सुटली आहेत. आणि दोन खाटा, एक टेबल टाकून ‘सामानासह, सहा महिन्यांसाठी’ असे म्हटले की मालकाला भाडे वाढवायला वाट मिळते.

त्या रांगेत नावालाही किंमत आहे. २०१७ साली बव्हेरियाच्या नभोवाणीने आणि ‘डेर श्पीगल’ साप्ताहिकाने जर्मन आणि परदेशी नावांनी सुमारे वीस हजार चौकशीपत्रे घरमालकांना पाठवून पाहिली. मजकूर सारखाच, नाव तेवढे वेगळे. परदेशी नावांना, विशेषतः अरबी आणि तुर्की नावांना, उत्तरे कमी आली. आपली मराठी आडनावे त्या यादीत नव्हती, पण मालकाला ती उच्चारता आली नाहीत तर काय होते याचा अंदाज वाचकांनी करावा.

जाणाऱ्यांसाठी

आता ज्यांच्या घरचे कोणी निघाले आहे त्यांच्यासाठी थोडे. जाहिरातीत ‘थंड भाडे’ आणि ‘गरम भाडे’ असे दोन आकडे असतात. थंड म्हणजे नुसत्या जागेचे, गरम म्हणजे उष्णता, पाणी, कचरा धरून. वीज बहुधा त्यातही नसते. दोन खोल्यांचे घर म्हणजे एक झोपायची आणि एक बसायची. स्वयंपाकघर आणि न्हाणीघर मोजत नाहीत. आणि स्वयंपाकघर आहे म्हणजे त्यात चूल, ओटा, बेसिन आहे असे समजू नये. आधीचा भाडेकरू ते सगळे उचकटून बरोबर घेऊन गेलेला असू शकतो! अनामत थंड भाड्याच्या तिपटीहून जास्त मागता येत नाही, आणि ती तीन हप्त्यांत देण्याचा भाडेकरूला हक्क आहे.

घर मिळाल्यावर दोन आठवड्यांच्या आत पत्त्याची नोंद करावी लागते, आणि तिला मालकाची लेखी पावती लागते. ही नोंद म्हणजे तेथील जीवनाची गुरुकिल्ली. करक्रमांक तिच्यावरून येतो, बँकही बहुधा तीच मागते. आणि घर देताना मालक काय मागतो? पगाराच्या तीन चिठ्ठ्या आणि ‘शूफा’ नावाच्या संस्थेचे, कर्ज बुडवले नसल्याचे पत्रक. नवा आलेला माणूस ही कागदपत्रे आणणार कोठून? म्हणून पहिले काही महिने कोणाच्या तरी घरात पोटभाडेकरू म्हणून काढणे हाच बहुतेकांचा मार्ग आहे. तेव्हा एक गोष्ट आधीच विचारावी: येथे माझ्या नावाची नोंद होईल का? ‘नोंद मिळणार नाही’ असे म्हणणाऱ्याची खोली स्वस्त असली तरी ती महागात पडते. विद्यार्थ्यांनी वसतिगृहासाठी प्रवेशाचे पत्र हाती पडताच अर्ज करावा. तेथील प्रतीक्षायादी लांब असते.

ठगांचीही तेथे चंगळ आहे. सुंदर घराचे फोटो, भाडे नवल वाटावे इतके कमी, आणि मालक म्हणे परदेशात आहे. पैसे पाठवा, किल्ली टपालाने येईल. किल्ली येत नाही. घर पाहिल्याखेरीज आणि करारावर सही झाल्याखेरीज एक सेंटही पाठवू नये, मग मुलगा फोनवर कितीही घाई करो.

सहकारी गृहसंस्थांचा मार्ग लांबचा पण चांगला आहे. बर्लिनमध्ये एकोणिसाव्या शतकापासूनच्या अशा संस्था आहेत. सभासदाने भाग विकत घ्यायचे, संस्थेच्या घरात माफक भाड्याने राहायचे, सोडताना भागाचे पैसे परत. यांतल्या काहींची दारे नव्या सभासदांसाठी बंद असतात, पण अधूनमधून उघडतात. जो पाच-सात वर्षे राहणार त्याने नाव घालून ठेवावे.

आणखी एक बारीकशी गोष्ट. जर्मनीत बहुतेक इमारतींत घरांना क्रमांक नसतात. टपालवाला रस्ता आणि इमारतीचा क्रमांक पाहतो आणि पेटीवर नाव शोधतो. पोटभाडेकरूने पेटीवर आणि घंटीवर मूळ भाडेकरूच्या नावाखाली आपले नाव चिकटवले नाही, तर बँकेचे पत्र, विम्याचे पत्र, सगळे उलट जाते. येथून दिवाळीचे पार्सल पाठवायचे असेल तर पाकिटावर मुलाच्या नावाखाली त्या घरमालकिणीचेही नाव लिहावे.